गाठ कसली आहे, हे प्रकाश सांगू लागला. पण त्या यंत्राची वाट बघत बसू नका

मातीचा नमुना प्रयोगशाळेत दिला की काही दिवसांनी कागद हातात येतो. नत्र इतके, स्फुरद इतके, पालाश इतके. मातीकडे नुसते बघून ती काळी आहे की मुरमाड आहे, एवढे आपण सांगू शकतो. तिच्या पोटात पालाश किती, हे जाणत्या शेतकऱ्यालाही डोळ्यांनी कळत नाही. मग प्रयोगशाळेला ते कसे कळते?

पालाश मोजायला तिथे फ्लेम फोटोमीटर नावाचे यंत्र असते. मातीचा अर्क ज्योतीत फवारतात. पालाश त्या ज्योतीला आपला जांभळट रंग देतो. रंगाचा जोर जितका जास्त, तितका पालाश जास्त. स्फुरदाचे मोजमाप असेच निळ्या रंगावर होते. घरातही हा प्रयोग आपण पाहिलेला असतो. मीठ घातलेल्या डाळीचे पाणी उतू जाऊन गॅसवर सांडले, की निळी ज्योत क्षणभर पिवळी होते. तो पिवळा रंग मिठातल्या सोडियमचा.

थोडक्यात, प्रत्येक पदार्थाची प्रकाशात एक ओळख असते. माणूस जसा चालीवरून ओळखावा तसा पदार्थ त्याच्या रंगपट्ट्यावरून ओळखता येतो. ही ओळख वाचण्याच्या विद्येला वर्णपटशास्त्र म्हणतात. डॉक्टर मंडळी तिला स्पेक्ट्रोस्कोपी म्हणतात. बाईच्या छातीतली गाठ साधी की कर्करोगाची, हे याच विद्येने ओळखता येईल का, या प्रश्नावर शास्त्रज्ञ गेली चाळीस वर्षे काम करीत आहेत. त्यात मजल कुठवर गेली आणि आज आपल्या घरात गाठ निघाली तर काय करायचे, हे आज समजून घेऊ.

शेतीच्या पानावर हा विषय कशाला?

कुणी म्हणेल, या पानावर खत-बियाणे सांगा, हे काय काढले? मंडळी, शेतातली निम्मी कामे ज्यांच्या हातांवर चालतात त्यांच्या जिवाचा हा प्रश्न आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया या रोगाने दगावल्या. आपल्या देशातल्या स्त्रियांना होणाऱ्या कर्करोगांत हा पहिल्या क्रमांकावर आहे.

हा रोग लवकर सापडला तर बहुतेकदा बरा होतो. आपल्याकडे तो उशिरा सापडतो. याचे एक मोठे कारण असे की सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही. दुखत नाही म्हणून बाई बोलत नाही. "सुगी उरकू दे, मग बघू," "पोरीचं लगीन होऊ दे, मग दवाखाना." सुगी उरकते, लग्नही होते, तोवर गाठ काखेपर्यंत गेलेली असते. उसावरची कीड पहिल्या फडात दिसली तर आपण दुसऱ्या दिवशी फवारणी काढतो. घरातल्या माणसाच्या बाबतीत मात्र महिने घालवतो.

गाठ म्हणजे कर्करोगच, असे नाही

ही गोष्ट आधी पक्की करा. छातीत लागणाऱ्या बऱ्याच गाठी साध्या असतात. तरुण मुलींत हाताखाली गोटीसारखी सरकणारी गाठ असते, तिला फायब्रोॲडेनोमा म्हणतात. काही गाठी नुसत्या पाण्याच्या असतात. पाळीच्या आधी छाती दाटून गाठीसारखी लागते आणि पुढे कमी होते, असेही होते. पण कोणती साधी आणि कोणती वाईट, हे घरी बसून ठरवता येत नाही. शेजारणीलाही ते कळत नाही.

डॉक्टर हे तीन पायऱ्यांनी ठरवतात. पहिली पायरी हाताने तपासणी. दुसरी मॅमोग्राफी म्हणजे छातीचा खास एक्स-रे किंवा सोनोग्राफी. तिसरी बायॉप्सी, म्हणजे सुईने गाठीचा बारीक तुकडा काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे. शेवटचा निवाडा या तिसऱ्या पायरीवर होतो.

अडचण अशी की पहिली पायरी गावात होऊ शकते. दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीला बहुधा जिल्ह्याच्या गावी किंवा त्याहून लांब जावे लागते. अहवालाला दिवस जातात. एक हेलपाटा, दुसरा हेलपाटा, रोजगार बुडतो, भाडे जाते. काही बाया तिसऱ्या हेलपाट्याला येतच नाहीत. तुकडा न काढता, जागच्या जागी गाठीची जात कळली तर हा वेळ वाचेल. साध्या गाठीसाठी सुई टोचणे टळेल. प्रकाशाच्या संशोधनाचा रोख नेमका इकडे आहे.

प्रकाश अंगातून आरपार जातो का?

रात्री अंधारात बॅटरीवर तळहात ठेवून बघा. बोटे लालबुंद उजळतात. निळा, हिरवा प्रकाश रक्त शोषून घेते. लाल प्रकाश थोडाफार पलीकडे निघतो. हाच धागा धरून न्यूयॉर्कचे डॉक्टर मॅक्स कटलर यांनी १९२९ मध्ये स्तनामागे दिवा धरून गाठीची सावली पाहण्याची पद्धत मांडली. पाण्याची गाठ उजळ दिसे, रक्ताने भरलेली काळी दिसे. पण सावलीवरून खात्रीने निदान होईना. लहान गाठी दिसेनात. म्हणून ती पद्धत मागे पडली.

कटलर यांनी फक्त उजेड आणि सावली पाहिली. प्रकाशातला प्रत्येक रंग किती गेला आणि किती परत आला, हे त्या काळी मोजता येत नव्हते. आज येते, आणि त्याचे एक यंत्र तुम्ही स्वतः वापरले आहे. करोनाच्या साथीत, २०२० आणि २०२१ मध्ये, आशाताई दारोदार फिरून बोटाला चिमटा लावत होत्या, तो पल्स ऑक्सिमीटर. त्यातून दोन प्रकारचा प्रकाश निघतो: एक लाल, दुसरा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त. प्राणवायू भरलेले रक्त लाल प्रकाश कमी शोषते, प्राणवायू सोडलेले रक्त जास्त शोषते. या फरकावरून यंत्र ९७ की ८८ हा आकडा देते. सुई नाही, रक्त काढणे नाही.

स्तनाच्या तपासणीतही हेच तत्त्व वापरतात, फक्त दोनऐवजी अनेक रंग घेतात. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील बेकमन लेसर संस्थेत ब्रूस ट्रॉम्बर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर बरीच वर्षे काम केले. लाल ते अवरक्त या पट्ट्यातला प्रकाश काही सेंटिमीटर आत जातो. हातात धरायचे साधन त्वचेवर ठेवून आत गेलेला आणि परत आलेला प्रकाश मोजतात. त्यावरून त्या जागी रक्त किती, त्यात प्राणवायू किती, पाणी किती, चरबी किती याचा हिशेब लागतो.

कर्करोगाची गाठ झपाट्याने वाढते, त्यामुळे ती स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या ओढून घेते. पिकातले तण जसे खत-पाणी आधी खाते, तशी ती प्राणवायू खाते. तिथे प्राणवायू संपलेले रक्त जास्त, पाणी जास्त आणि चरबी कमी आढळते. बाजूच्या निरोगी भागात याच्या उलट. हा फरक आकड्यात दिसतो. या पद्धतीचा एक उपयोग पुढे आला तो असा: शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाला केमोथेरपी देतात, ती गाठीला लागू पडते आहे की नाही, हे गाठ आकसण्याच्या आधीच प्रकाशाच्या मापावरून कळू शकते का, याची पाहणी अमेरिकेत अनेक रुग्णालयांनी मिळून केली. तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ते आशादायक होते.

रामन यांच्या शोधाची दुसरी वाट

यातली दुसरी वाट आपल्या देशातून निघालेली आहे. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कलकत्त्यात चंद्रशेखर वेंकट रामन यांनी आपला शोध लावला. के. एस. कृष्णन हे त्यांचे सहकारी होते. १९३० मध्ये रामन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या शाळांतून २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा होतो तो याच शोधासाठी.

शोध काय होता? एखाद्या पदार्थावर एकाच रंगाचा प्रकाश टाकला तर बहुतेक प्रकाश त्याच रंगाचा परत येतो. पण साधारण एक कोटी किरणकणांत एखादा आपला रंग किंचित बदलून येतो. किती बदलला, हे त्या पदार्थाचे रेणू ठरवतात. चरबीचा रेणू एक खूण ठेवतो, प्रथिनाचा रेणू दुसरी. बाजारातून परत आलेल्या गाडीच्या चाकाला लागलेल्या मातीवरून ती कोणत्या रस्त्याने आली हे कळावे, तसा हा प्रकार. खूण फार पुसट असते, म्हणून रामन यांच्या काळी तासन् तास लागत. लेसर आणि संगणक आले, आणि तेच काम सेकंदांत होऊ लागले.

अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत मायकेल फेल्ड यांच्या प्रयोगशाळेने ही पद्धत स्तनाच्या गाठींवर लावली. अबिगेल हाका आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ५८ रुग्णांच्या शरीरातून काढलेल्या तुकड्यांवर अवरक्त लेसर टाकून त्यांनी १३० वर्णपट घेतले. त्या तुकड्यांत निरोगी, साध्या गाठीचे आणि कर्करोगाचे असे सगळे होते. निरोगी स्तनात चरबी भरपूर असते. रोगट भागात कोलॅजेन हे धाग्यांसारखे प्रथिन वाढते. चरबी किती आणि कोलॅजेन किती, मुख्यतः या दोन मापांवरून यंत्राने निवाडा दिला.

निकाल असा: कर्करोग ओळखण्याचे प्रमाण ९४ टक्के, आणि कर्करोग नसलेला भाग बरोबर बाजूला काढण्याचे प्रमाण ९६ टक्के. आपल्या भाषेत, कर्करोगाचे शंभर नमुने असतील तर ९४ सापडतील आणि ६ निसटतील. कर्करोग नसलेले शंभर असतील तर ४ ठिकाणी विनाकारण धोक्याची घंटा वाजेल. आकडे चांगले आहेत. पण हे तुकडे शरीराबाहेर, टेबलावर ठेवलेले होते, हे विसरू नका.

पुढच्याच वर्षी, २००६ मध्ये, याच मंडळींनी ९ रुग्णांवर शस्त्रक्रिया चालू असताना हे साधन वापरल्याचे प्रसिद्ध केले. स्तन पूर्ण न काढता फक्त गाठ आणि तिच्या भोवतालचा थोडा भाग काढतात, तेव्हा कडेला कर्करोगाचा अंश राहिला तर नाही ना, हा प्रश्न असतो. राहिला तर पुन्हा चिरफाड. ब्रिटनसारख्या देशातही अशा पाच स्त्रियांपैकी साधारण एकीला दुसऱ्यांदा टेबलावर जावे लागते, असे २०१२ मधील एका मोठ्या पाहणीत दिसले. त्या ९ रुग्णांपैकी एकीच्या बाबतीत डोळ्यांना न दिसलेला कर्करोगाचा अंश प्रकाशाने दाखवला. नंतर सूक्ष्मदर्शकाखालीही तो तसाच निघाला. सर्जनच्या हातात असे साधन कायमचे आले तर दुसरी शस्त्रक्रिया टळेल.

आणखी एक उपयोग. मॅमोग्राफीत कधी कधी पांढरे ठिपके दिसतात. ते कॅल्शियमचे कण असतात. एक्स-रेला सगळे ठिपके सारखेच. रामन वर्णपटात मात्र त्यांच्या दोन जाती वेगळ्या दिसतात. एक जात कॅल्शियम ऑक्झलेटची, ती बहुधा साध्या बदलांत सापडते. दुसरी हाडात असते तशा कॅल्शियमची, ती साध्या आणि वाईट अशा दोन्ही गाठींत सापडते. पहिली जात ओळखता आली तर कित्येक बायांची सुई वाचू शकेल.

इंदूर आणि खारघर

हे काम परदेशातच चालले आहे, असे समजू नका. प्रकाश पडल्यावर शरीरातले काही पदार्थ स्वतः मंद चमकतात. ही चमक निरोगी आणि रोगट भागात वेगळी असते, हे न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजचे रॉबर्ट अल्फानो यांनी १९८४ पासून दाखवायला सुरुवात केली. इंदूरच्या प्रगत तंत्रज्ञान केंद्रात, ज्याला २००५ पासून राजा रामण्णा यांचे नाव आहे, पी. के. गुप्ता आणि सहकाऱ्यांनी नायट्रोजन लेसर वापरून स्तनाच्या कर्करोगाच्या ऊतींवर हाच अभ्यास केला आणि १९९७ मध्ये तो प्रसिद्ध केला. आपल्याकडे नवी मुंबईत खारघरला टाटा स्मारक केंद्राची ॲक्ट्रेक ही संशोधन संस्था आहे. तिथे रामन वर्णपटाने तोंडाच्या, गर्भाशयमुखाच्या आणि स्तनाच्या कर्करोगाचा अभ्यास झाला आहे. तोंड उघडले की रोगाची जागा समोर येते, म्हणून तोंडाच्या कर्करोगात हे साधन वापरणे तुलनेने सोपे आहे. स्तनात गाठ खोल असते, म्हणून तिथे काम अवघड.

मग हे यंत्र तालुक्याला का आले नाही?

रास्त प्रश्न आहे. त्याची उत्तरे अशी.

एक, खोली. प्रकाश आत जाताना धुक्यातल्या गाडीच्या दिव्यासारखा पसरतो. वरच्या गाठीचे माप चांगले येते, खोलवरच्या लहान गाठीचे पुसट येते. रामनची खूण तर आणखी पुसट.

दोन, बाईगणिक फरक. वय, पाळीचे दिवस, अंगावर पाजणे, अंगातली चरबी, या सगळ्याने माप बदलते. त्वचेचा रंगही प्रकाश शोषतो. पल्स ऑक्सिमीटर सावळ्या कातडीवर कधी कधी चुकीचा, जास्त आकडा दाखवतो, हे २०२० मध्ये अमेरिकेतल्या रुग्णांच्या नोंदींवरून पुढे आले. म्हणजे गोऱ्या लोकांवर बरोबर चाललेले यंत्र आपल्या उन्हात राबणाऱ्या बायांवरही तपासून घ्यावेच लागेल. विद्यापीठाच्या शेतावर आलेले वाण आपल्या रानात तसेच येईल असे आपण मानत नाही, तसेच हे.

तीन, औषध ठरवणे. गाठ कर्करोगाची निघाली तरी तिच्यावर कोणते औषध चालेल, हे तुकड्यावरच्या वेगळ्या तपासण्यांनी ठरते. गाठ स्त्रीसंप्रेरकांवर वाढते का, तिच्यावर हर-टू नावाचे प्रथिन जास्त आहे का, हे पाहावे लागते. त्यासाठी तुकडा हवाच. ते काम आज प्रकाशाने भागत नाही.

तरी गाडी थांबलेली नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जानेवारी २०२१ मध्ये इमॅजिओ नावाच्या यंत्राला मान्यता दिली. त्यात सोनोग्राफीबरोबर लेसरचा प्रकाश वापरून गाठीभोवतालचे रक्त आणि त्यातला प्राणवायू पाहतात. एप्रिल २०२४ मध्ये लुमिसाइट या चमकणाऱ्या औषधाला मान्यता मिळाली. ते शस्त्रक्रियेआधी शिरेतून देतात आणि गाठ काढल्यावर काही अंश राहिला का, हे प्रकाशाखाली बघतात. ही दोन्ही साधने डॉक्टरांच्या मदतीला आहेत. बायॉप्सीची जागा दोघांनीही घेतलेली नाही.

शिबिरातल्या दिव्यापासून सावध

आता एक इशारा. विज्ञान पुढे गेले की त्याच्या नावावर दुकान मांडणारेही निघतात. कुणी गावात शिबिर लावून म्हणेल, "आमच्या लाल दिव्यानं पाच मिनिटांत कॅन्सर कळतो, सुई नको, एक्स-रे नको." अशा वेळी सरळ चार गोष्टी विचारा. यंत्राला कोणत्या सरकारी यंत्रणेची मान्यता आहे? ते कोणत्या रुग्णालयात, किती स्त्रियांवर तपासले? शंका आली तर पुढे मॅमोग्राफी आणि बायॉप्सी कुठे होणार? आणि अहवालावर सही कोणत्या डॉक्टरची? उत्तर नीट मिळाले नाही तर पैसे देऊ नका.

अंगाची उष्णता मोजणाऱ्या थर्मोग्राफीबद्दल अमेरिकेच्या त्याच प्रशासनाने स्पष्ट सांगितले आहे की ती मॅमोग्राफीला पर्याय नाही. सगळ्यात मोठा धोका खोट्या दिलाशाचा. दिव्याने "काही नाही" म्हटले म्हणून हाताला लागणारी गाठ घरी घेऊन बसू नका.

आज गाठ लागली तर

भगिनींनो, पाळी संपल्यावर चार-पाच दिवसांनी, अंघोळीच्या वेळी बोटांच्या सपाट बाजूने छाती आणि काख चाचपून बघा. पाळी बंद झालेल्यांनी महिन्याची एक तारीख धरावी. पुढीलपैकी काही दिसले तर थांबू नका:

• न दुखणारी, टणक गाठ, छातीत किंवा काखेत
• बोंड आत ओढले जाणे, किंवा त्यातून रक्त येणे
• कातडीला खळी पडणे, किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी होणे
• न भरणारी जखम, किंवा एकाच बाजूचा आकार बदलणे

पुरुषांनीही ऐकावे: हा रोग क्वचित पुरुषांनाही होतो. छातीवर गाठ आली तर लाजू नका.

गावच्या उपकेंद्रात, ज्याला आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, राष्ट्रीय कार्यक्रमाखाली ३० वर्षांवरील स्त्रियांची स्तनाची तपासणी होते. प्रशिक्षण घेतलेली आरोग्य सेविका किंवा समुदाय आरोग्य अधिकारी हाताने तपासतात आणि शंका आली तर पुढे पाठवतात. हाताच्या तपासणीला कमी लेखू नका. टाटा रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील ३५ ते ६४ वर्षांच्या सुमारे दीड लाख स्त्रियांवर मोठी चाचणी केली. एका गटाची तपासणी डॉक्टरांनी नव्हे, तर प्रशिक्षित आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने केली. २०२१ मध्ये निष्कर्ष आले. त्या गटात रोग लवकरच्या टप्प्यावर सापडला, आणि ५० व त्याहून अधिक वयाच्या स्त्रियांत या रोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. त्याहून लहान वयात मृत्यूंत असा स्पष्ट फरक दिसला नाही. पण ज्या बाईला गाठ लागते आहे तिने वय बघत बसू नये.

"सुई टोचली की गाठ पसरते," असे गावात बोलतात. डॉक्टरांचा अनुभव तसा नाही. सुई टाळल्याने मात्र निदान लांबते. झाडपाला, मंतरलेले पाणी, लेप यांत गेलेला महिना परत मिळत नाही.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांसाठी

यात तुमचे काम मोठे आहे आणि त्याला फार पैसा लागत नाही.

महिला ग्रामसभेत हा विषय घ्या. आरोग्य सेविकेला बोलवा आणि तिला बोलू द्या. उपकेंद्रात तपासणीचा वार ठरवून फलकावर लिहा. आडोसा आहे का, पडदा आहे का, हे स्वतः जाऊन बघा. आडोसा नसला तर बाई तपासणीला येत नाही, आणि कागदावर मात्र "प्रतिसाद कमी" अशी नोंद होते.

नुसत्या बोलण्याने काय होणार, असे वाटत असेल तर बार्शीचे उदाहरण घ्या. १९८७ पासून बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या गावांत कर्करोगाची नोंदणी चालते. देशातली ही ग्रामीण भागातली पहिली अशी नोंदणी. तिचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन लोकांशी बोलत, लक्षणे सांगत. पुढे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्ण स्त्रिया आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर दवाखान्यात येऊ लागल्याचे दिसले. तो अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला.

ज्या बाईला पुढे पाठवले तिची नोंद आशाताईकडे असते. नाव चारचौघांत न उघडता, ती खरेच गेली का, अहवाल मिळाला का, याची विचारपूस आशाताईमार्फत व्हावी. गेलेली बाई दुसऱ्या हेलपाट्याला अडली असेल तर कारण बहुधा साधे असते: गाडी नाही, सोबत नाही, जनावरांची धार काढायला कुणी नाही. ही कारणे गाव सोडवू शकते. एसटीत स्त्रियांना मार्च २०२३ पासून भाड्यात निम्मी सवलत आहे. रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना भाड्यात सवलत मिळते. रुग्णालयाचा दाखला लागतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे. रेशन कार्ड आणि आधार कार्ड तयार आहे का, नावात चूक आहे का, हे आधीच बघून दिले तर ऐनवेळी धावपळ होत नाही.

आणि घरच्या पुरुषांना एकच सांगणे. बायको, आई, बहीण गाठीबद्दल बोलली तर "दुखतं का?" हा प्रश्न विचारू नका, कारण न दुखणारी गाठच जास्त संशयाची. "उद्या उपकेंद्रात जाऊ," एवढे म्हणा आणि सोबत जा. तुकडा काढला असेल तर अहवाल कोणत्या तारखेला मिळणार, ते कागदावर लिहून घ्या आणि त्या दिवशी शेतातले काम बाजूला ठेवून तो आणायला जा.